आवड चाचणीचा कागद हातात आल्यावर

‘विटा रचणं किंवा फरशी बसवणं.’ समोर पाच पर्याय: अजिबात आवडणार नाही, आवडणार नाही, सांगता येत नाही, आवडेल, खूप आवडेल.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. वडील गवंडी. उन्हातान्हात बांधकामावर राबून त्यांनी तिला कॉलेजात घातलं, तिच्या हातात थापी येऊ नये म्हणून. ती या प्रश्नापाशी येते आणि क्षणभरही न थांबता ‘अजिबात आवडणार नाही’वर टिचकी मारते. उत्तर प्रामाणिक आहे, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं आहे. चाचणीला हवं होतं की हाताने काही उभं करण्यात तिला रस आहे का. तिने सांगितलं, या कामाला आमच्याकडे किती मान आहे ते. ट्रक चालवणं, कुलपं बसवणं, यंत्रावर माल काढणं, सगळ्यांना तेच उत्तर. सुट्टीत बिघडलेल्या मिक्सरचे स्क्रू काढून बसणारी, प्रॅक्टिकलला उपकरण जुळवायला सगळ्यांच्या आधी हात पुढे करणारी ही मुलगी. आणि शेवटी पडद्यावर येतं की हाताच्या कामाच्या रकान्यात तिचे गुण सर्वांत कमी आहेत.

करिअरच्या आवड चाचण्यांबद्दल मला जे सांगायचंय ते या एका प्रश्नाभोवतीच फिरतं. चाचणी उपयोगी आहे, कॉलेजच्या मुलांनी ती जरूर द्यावी. पण ती भरल्यावर शेजारी बसून ‘हे असं का लिहिलंस?’ असं विचारणारं कुणी नसेल, तर तो कागद मुलांना चुकीच्या दाराशी नेऊन उभा करू शकतो.

तो प्रश्न खरा आहे. अमेरिकेच्या कामगार खात्याने ‘ओ-नेट’ नावाचा व्यवसायांचा मोठा माहितीसाठा तयार केलाय, त्यात नऊशेहून अधिक व्यवसाय आहेत. त्याच्या जोडीला ‘इंटरेस्ट प्रोफायलर’ नावाची साठ प्रश्नांची चाचणी आहे. इंटरनेटवर ती कुणालाही फुकट देता येते. प्रश्न सगळे याच धाटणीचे: नवीन औषध विकसित करणं, पाण्याचं प्रदूषण कमी करण्याच्या उपायांचा अभ्यास करणं, नाटक किंवा पुस्तक लिहिणं, एखाद्याला व्यायाम शिकवणं, किरकोळ विक्रीचं दुकान चालवणं, कागदपत्रांतल्या चुका तपासणं. हे तुम्हाला येतं का, असं कुठेच विचारलेलं नाही. करायला आवडेल का, एवढंच.

इथेच आपल्याकडे पहिला गोंधळ होतो. ‘कल’ हा आपला शब्द फार ऐसपैस आहे. मुलाचा कल विज्ञानाकडे आहे म्हटलं की त्यात त्याला विज्ञान आवडतं हेही आलं आणि जमतं हेही आलं. मानसशास्त्रात या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. आवडीला अभिरुची म्हणतात, शिकून जमण्याच्या शक्यतेला अभिक्षमता. अभिक्षमता चाचणीत वेळ लावलेला असतो, उत्तर बरोबर किंवा चूक असतं: आकृती मनात फिरवा, आकड्यांची मालिका पूर्ण करा, शब्दांचे संबंध ओळखा. आवड चाचणीत चूक उत्तर नसतंच. राज्याच्या शिक्षण मंडळाने २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली तेव्हा घरोघरी विचारलं गेलं, ‘किती मार्क पडले?’ आवडीला मार्क पडत नाहीत. गाणं मनापासून आवडणाऱ्याचा गळा बेसूर असू शकतो, आणि गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलीला गणिताचा कंटाळा असू शकतो. दोन्ही गोष्टी माहीत असाव्या लागतात, आणि एका चाचणीने दुसरीचं काम होत नाही.

या चाचण्या आल्या कुठून, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यांचं बळ आणि त्यांची मर्यादा दोन्ही त्या इतिहासात आहेत. १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टनमध्ये तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारी कचेरी उघडली. त्यांचं सूत्र साधं होतं: स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या आणि दोहोंचा मेळ घाला. पण स्वतःला ओळखायचं कसं? १९२७ साली स्टॅनफर्डमधल्या एडवर्ड स्ट्राँग यांनी त्यावर एक अतिशय हुशार युक्ती काढली. वकिलीत स्थिरावलेल्या माणसांच्या आवडीनिवडी विचारायच्या, आणि त्या इतर चारचौघांपेक्षा कुठे वेगळ्या पडतात ते पाहायचं. इंजिनिअरांचंही तसंच, डॉक्टरांचंही. मग नव्या मुलाच्या आवडी कोणत्या गटाशी मिळतात ते बघायचं. मुलाला वकिलीची काहीच माहिती नसली तरी बिघडत नाही. त्याची आवड वकिलांच्या आवडीसारखी आहे का, एवढं कळलं की पुरे.

त्यानंतर जॉन हॉलंड आले. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात होते, आणि भरती झालेल्या जवानांचे आधीचे कामधंदे विचारून नोंदवायचं काम त्यांच्याकडे होतं. शेकडो माणसांच्या हकिकती ऐकताना त्यांना वाटू लागलं की या सगळ्या मोजक्या साच्यांत बसतात. १९५९ साली त्यांनी तो विचार सिद्धान्ताच्या रूपात मांडला, आणि आज जगभरच्या बहुतेक आवड चाचण्या त्याच सहा गटांवर उभ्या आहेत. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘रिआसेक’ म्हणतात.

पहिला गट हाताच्या कामाचा: यंत्रं, हत्यारं, जमीन, झाडं, जनावरं. शेतकरी, वायरमन, फिटर, सर्व्हेअर यांचं काम यात येतं. दुसरा शोधकाचा, ‘असं का होतं?’ हा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाही त्याचा. तिसरा कलावंताचा. चौथा माणसांत रमणाऱ्याचा: शिकवणं, शुश्रूषा करणं, समजूत काढणं, अंगणवाडीताई, परिचारिका, समुपदेशक. पाचवा पुढाकार घेणाऱ्याचा. याला माणसं लागतात ती त्यांना पटवायला, कामाला लावायला, माल विकायला, निवडणूक लढवायला. आणि सहावा नेटक्याचा. हिशेब, नोंदी, नियम, तक्ते. या शेवटच्या गटाला आपल्याकडे ‘कारकुनी’ म्हणून नाक मुरडतात, ते मला मुळीच पटत नाही. ताळेबंद जुळत नसला की संध्याकाळभर बसून ती एक चुकलेली नोंद शोधण्यात ज्याला खरोखर आनंद मिळतो, अशा माणसावर बँका चालतात, रुग्णालयांची औषधभांडारं चालतात, रेल्वेचं वेळापत्रक चालतं.

हॉलंड यांनी हे सहा गट षटकोनाच्या सहा टोकांवर मांडले, मी वर सांगितले त्याच क्रमाने, सहाव्याच्या शेजारी पुन्हा पहिला. शेजारची टोकं एकमेकांच्या जवळची, समोरासमोरची टोकं सर्वांत दूरची. हाताच्या कामासमोर माणसांत रमणारा येतो, शोधकासमोर पुढाकार घेणारा, कलावंतासमोर नेटका. एकच गट असलेला माणूस सहसा सापडत नाही, म्हणून सर्वांत वरचे तीन गट घेऊन तीन अक्षरांचा संकेत काढतात.

आता कागद वाचायचा कसा. साठ प्रश्नांच्या त्या चाचणीत प्रत्येक गटाचे दहा प्रश्न असतात आणि प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, म्हणजे दर गटाला ० ते ४०. समजा एका मुलाला शोधक गटात २८ आणि माणसांत रमणाऱ्या गटात २६ मिळाले. ‘शोधक पहिला आला’ असं म्हणून संशोधनाच्या मागे लागायचं का? तीन प्रश्नांची उत्तरं एकेका घराने सरकली तरी क्रम बदलेल. एवढा फरक मी बरोबरीतच धरतो. ३४ आणि १२ असा फरक असेल तर मात्र तो बोलतो. कागदावर उंच शिखरं आणि खोल दऱ्या दिसत असतील तर वाचणं सोपं असतं. सगळी पट्टीच सपाट असेल तर थांबावं लागतं. सगळेच गुण वर असतील तर मुलगा खरोखर बहुरंगी असेल, किंवा ‘नाही’ म्हणायला बिचकत असेल. सगळेच खाली असतील तर बहुतेक वेळा त्याने जग पाहिलेलं नसतं. गावात शाळा, बँक, दवाखाना आणि ग्रामपंचायत एवढीच कामं डोळ्यांसमोर असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचे नमुने तपासायला आवडेल का, याचं उत्तर तो कशाच्या बळावर देणार? आणि कधी कधी कारण याहून गंभीर असतं. आधी क्रिकेटमध्ये, मित्रांमध्ये रमणाऱ्या मुलाला आता कशातच काही वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर प्रश्न करिअरचा नाही, मनाच्या आजाराचा असू शकतो. तिथे चाचणीचा कागद बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तो कॉलेजच्या सूचना फलकावर कायम लावलेला असावा.

पुन्हा त्या विटांकडे येतो. कामाची आवड आणि कामाची पत या दोन गोष्टी वेगळ्या करणं कोणत्याही प्रश्नावलीला अवघड असतं. आपल्या समाजात तर हाताच्या कामावर जातीची आणि गरिबीची इतकी पुटं चढलेली आहेत की ती खरवडल्याशिवाय खालची आवड दिसतच नाही. यावर एक साधा उपाय आहे: उत्तरांवर बोलायला बसायचं.

‘अगं, विटा-फरशीचं काम अजिबात नको?’

‘सर, पप्पांनी आयुष्यभर तेच केलं. बघितलंय मी.’

‘आणि परवा लॅबमधला पॉवर सप्लाय बंद पडला होता, तो कुणी उघडला?’

‘मीच. पण ते काय काम थोडंच आहे!’

या शेवटच्या वाक्यात त्या कागदापेक्षा जास्त माहिती आहे. म्हणून मी सांगेन की ‘काय आवडेल?’ याच्या जोडीला ‘आजवर कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही?’ हे विचारा. गणपतीच्या मंडळात ती वर्गणीचा हिशेब ठेवत होती, देखावा उभारत होती की स्टेजवर सूत्रसंचालन करत होती? एनएसएसच्या शिबिरात बंधारा बांधताना पुढे होती की गावकऱ्यांशी बोलताना? ही उत्तरं पाच पर्यायांत मावत नाहीत, पण त्यांच्यात कामाच्या प्रतिष्ठेची सरमिसळ कमी असते.

मुलींच्या बाबतीत आणखी सावध राहावं लागतं. स्ट्राँग यांच्या चाचणीत पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगवेगळ्या प्रश्नपुस्तिका होत्या, एके काळी पुरुषांची निळी आणि स्त्रियांची गुलाबी. दोन्हींतले व्यवसायही वेगळे असत. त्या एकत्र व्हायला १९७४ साल उजाडलं. २००९ साली पाच लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांचा एकत्रित अभ्यास झाला. त्यात पुरुषांचा ओढा सरासरीने वस्तूंकडे आणि स्त्रियांचा माणसांकडे दिसला, आणि हा फरक मोठा होता. तो का आहे यावर वाद घालता येईल. पण ज्या मुलीच्या हातात लहानपणी कुणी पाना दिला नाही, तिच्या कागदावर हाताच्या कामाचे गुण कमी येणार हे उघड आहे. तेव्हा मुलीचे गुण मुलांच्या शेजारी न ठेवता इतर मुलींच्या शेजारी ठेवून पाहावेत. चाळीसपैकी अठरा हा आकडा छोटा दिसतो. वर्गातल्या बाकीच्या मुलींचे आठ-दहा असतील, तर तो अठरा फार मोठा आहे.

आपल्याकडच्या एका प्रश्नावर या षटकोनाचा मला विशेष उपयोग दिसतो. कुठल्याही कॉलेजात पदवीनंतर काय, असं विचारा. निम्म्या वर्गातून ‘एमपीएससी’ असं उत्तर येईल. पण एमपीएससी ही परीक्षा आहे, काम नव्हे. गट-ब सेवांच्या एकाच संयुक्त पूर्व परीक्षेतून पोलीस उपनिरीक्षक, राज्य कर निरीक्षक आणि मंत्रालयातला सहायक कक्ष अधिकारी अशा वाटा फुटतात. अभ्यासिकेत शेजारी बसून तीच पुस्तकं वाचणाऱ्या तिघांचे पुढचे दिवस एकमेकांशी जराही जुळणार नाहीत. एकाला रात्री-अपरात्री रस्त्यावर उतरायचं, जमाव आवरायचा, पंचनामे करायचे. दुसऱ्याला विवरणपत्रं आणि हिशेब तपासून त्यातली विसंगती हुडकायची. तिसऱ्याला टिपणी लिहायची, नियमाचा आधार शोधायचा, फाइल पुढे पाठवायची. माझ्या मते पहिल्या कामाला पुढाकार घेण्याची, हातापायांच्या कामाची आणि माणसांची आवड लागते. दुसऱ्याला नेटकेपणा आणि शोधकाची नजर. तिसऱ्याला मुख्यतः नेटकेपणा. ‘अधिकारी व्हायचंय’ म्हणणाऱ्या मुलाला त्याच्या संकेताशेजारी हे तीन दिवस मांडून दाखवा. तो पोस्टचा पसंतीक्रम वेगळ्या डोळ्यांनी भरेल, किंवा यांतलं काहीच नको असंही त्याला उमगेल. तेवीसाव्या वर्षी उमगलेलं तिशीनंतर उमगण्यापेक्षा केव्हाही बरं.

आता मोठा प्रश्न: आवडीचं काम मिळालं की माणूस सुखी होतो का? २०२० साली शंभराहून अधिक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून हे तपासलं गेलं. आवड आणि नोकरी यांची जुळणी आणि नोकरीतलं समाधान यांचा सहसंबंध निघाला फक्त ०.१९. सोप्या भाषेत सांगायचं तर माणसामाणसांच्या समाधानात जो कमी-जास्तपणा दिसतो त्याला शंभर पैसे धरलं, तर आवड जुळण्याने त्यातल्या चार पैशांचाही उलगडा होत नाही. आवडीच्या कामावरही साहेब चांगला नसेल, पगार वेळेवर होत नसेल, घर दूर असेल, तर माणूस कंटाळतो. पण २०१२ साली साठ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं तेव्हा दिसलं की आवड जुळते तिथे माणूस काम चांगलं करतो, आणि अभ्यास वा नोकरी मध्येच सोडत नाही. म्हणजे आवड हा सुखाचा ठेका नाही, टिकून राहण्याचं बळ आहे. नापास होऊनही पुन्हा पुस्तक उघडायचं बळ ज्यातून येतं, ते शोधायला मदत झाली तर मला तेवढं पुरेसं वाटतं.

वयाचंही एक गणित आहे. बारा ते चाळीस वर्षं वयाच्या लोकांच्या आवडी किती टिकतात, यावरचे अभ्यास २००५ साली एकत्र केले गेले. शाळेच्या वयात आवडी बऱ्याच हलत्या असतात आणि कॉलेजच्या वयात, अठराच्या पुढे, त्यांची स्थिरता ठळकपणे वाढते. दहावीच्या कागदावर आयुष्याचा निर्णय बेतू नये तो यासाठी, आणि एफ.वाय., एस.वाय.ची वर्षं या कामाला सर्वांत योग्य का, त्याचं कारणही हेच.

शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या कॉलेजांत जी रचना आलीय तिचा इथे नेमका उपयोग होतो. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण: मुलं बहुतेकदा हे वेळापत्रक बघून किंवा मित्राने घेतलं म्हणून घेतात. एकेका क्रेडिटमागे एक छोटा प्रयोग करता येईल अशी ही सोय आहे. आवड चाचणीतून आलेला अंदाज मायनरमध्ये तपासा, ओजेटीत तपासा. भौतिकशास्त्र मेजर आहे, हाताच्या कामाची आवड लपलेली वाटते, तर ओजेटी तालुक्यातल्या मोटार रिवाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये किंवा सौर पॅनेल बसवणाऱ्याकडे करून बघता येईल का? चाळीस वर्षांच्या निर्णयापेक्षा काही आठवड्यांचा निर्णय घेणं सोपं असतं, आणि चुकला तरी काही बुडत नाही.

नुसती चाचणी देऊन कागद हाती देण्याने फारसं साधत नाही, हेही अभ्यासांतून दिसलेलं आहे. करिअर मार्गदर्शनात नेमका कशाचा गुण येतो ते २००० साली ब्राउन आणि रायन क्रेन यांनी तपासलं. त्यात पाच गोष्टी वर आल्या: मुलाने स्वतः लिहून काढणं, त्याच्याशी एकट्याशी बसून बोलणं, कामांची खरी माहिती, ते काम करणाऱ्या माणसांची भेट आणि घरच्यांचा पाठिंबा जोडून घेणं. यांतल्या एकालाही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. कॉलेजचे माजी विद्यार्थी लागतात, एक वही लागते, आणि आई-वडिलांना कॉलेजात बोलावून चहा पाजणारा शिक्षक लागतो. आई-वडिलांशी बोलताना ‘तुमच्या मुलीची आवड अमुक आहे’ असा निवाडा देऊ नये. ‘काका, ती लहानपणी कशात रमायची?’ असं विचारावं. ते जे सांगतात त्यातून कागद पुरा होतो, आणि निर्णय त्यांचाही होतो.

या बाजारात फसवणूकही आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू आणि करिअर सांगणारे शाळा-कॉलेजांत येतात, भरमसाट पैसे घेतात, रंगीत अहवाल देतात. त्याला शास्त्रीय आधार नाही. अहवाल वाचून ‘अगदी माझ्यासारखं लिहिलंय!’ असं वाटतं, त्याचं कारण वेगळं आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचं वर्णन म्हणून एकच मजकूर दिला. प्रत्येकाला वाटलं तो खास आपलाच आहे. हे वर्णन कितपत जुळतं याला त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. तेव्हा कुठलीही चाचणी घेण्याआधी विचारा: प्रश्न काय आहेत, गुण कसे काढता, कोणत्या मुलांशी तुलना करता? सरळ उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका.

कागदावर तारीख टाका आणि तो जपून ठेवा. ओजेटी संपल्यावर तीच चाचणी पुन्हा द्या आणि दोन्ही कागद शेजारी मांडा. गटांच्या बेरजा नंतर बघा, आधी एकेक प्रश्न बघा. त्या मुलीने विटांच्या प्रश्नापुढे कदाचित पुन्हा ‘अजिबात आवडणार नाही’च लिहिलेलं असेल. पण त्याच गटात ‘घरगुती उपकरणं दुरुस्त करणं’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक सुटे भाग जुळवणं’ असे दोन प्रश्न आहेत. गेल्या वर्षी तिथे ‘सांगता येत नाही’ होतं. या वर्षी तिथे काय लिहिलंय, ते तिच्या शेजारी बसून वाचा.